अकरावी मूठ

रत्नागिरीहून आले असं सांगितलं की पुण्यात पहिला प्रश्न ठरलेला, समुद्र कसा होता? समुद्र मी एकदाच पाहिला, रिक्षातून, तोही दोन इमारतींच्या फटीतून. दुसरा प्रश्न आंब्यांचा. फेब्रुवारी संपत आला होता, झाडांवर मोहोर आणि सुपारीएवढ्या कैऱ्या होत्या, आंबे कुठले यायला? मग पाच दिवस केलंस काय, असं कोणी विचारलं आणि मी खरं उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मी पाच दिवस काजू फोडायच्या मशीनची एक मूठ बघत होते.

ज्यांना हे ऐकायला वेळ नव्हता त्यांच्यासाठी लिहून काढते आहे. काजूकतली खाताना तो काजू फोडणारा हात आपल्यापैकी कोणी पाहिलेला नसतो. मीही पाहिला नव्हता, आणि तरी गेले सहा महिने त्या हाताबद्दल मतं देत होते.

मी पुण्यातल्या एका लहानशा डिझाइन स्टुडिओत काम करते. आम्ही वस्तू बनवत नाही. वस्तू बनवणारे जे लोक वेगवेगळ्या गावांत बसून एकाच वस्तूवर काम करतात, त्यांच्यासाठी आम्ही एक टेबल बनवलं आहे. त्याच्या डोक्यावर कॅमेरा आहे. खाली वस्तू ठेवली की टेबल ती ओळखतं. तुम्ही वस्तूच्या एखाद्या जागी बोट ठेवून बोललात की ते बोलणं त्या जागेला चिकटून राहतं. दुसऱ्या गावातल्या टेबलावर तशीच वस्तू असेल, तर तिच्यावर नेमक्या त्याच जागी उजेडाचा ठिपका पडतो आणि तुमचा आवाज ऐकू येतो. म्हणजे 'इथे जरा टोचतंय' यातलं 'इथे' तीनशे किलोमीटरवर पोचतं. या 'इथे'साठी मी तीन वर्षं घालवली आहेत, त्यामुळे या टेबलाबद्दल कोणी वाकडं बोललं तर मला सहन होत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

बंदराकडचं गोदाम

रत्नागिरीत शलाकाचा स्टुडिओ आहे. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर जांभ्या दगडाचं एक जुनं गोदाम आहे, पूर्वी तिथे मासेमारीची जाळी ठेवायचे. शलाका इथलीच. मुंबईत डिझाइन शिकली, चार वर्षं नोकरी केली आणि परत आली. तिशीची आहे, भराभर बोलते आणि चहा विसरते. तिच्या जोडीला बाबूकाका नावाचे सुतार आहेत, वय साठीच्या पुढे. शलाका संगणकावर जे काढते ते बाबूकाका लाकडात उतरवतात, आणि उतरवताना गुपचूप सुधारतात.

फळीवर अकरा मुठी ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीच्या बुडाला आमच्या टेबलाची गोल चिठ्ठी. पहिली बारीक, काठीसारखी सरळ. मग एकेक जाड होत गेलेली. अकरावी चांगली भरदार, तळहाताच्या खळग्यात बसेल अशी अंड्याच्या आकाराची.

या मुठी कुणासाठी, ते सांगते. राजापूरच्या बाजूला एका गावात बायकांनी चालवलेलं काजूचं युनिट आहे. तिथे सुजाता नावाची बाई आठ वर्षं बी फोडते. वाफवलेली बी डाव्या हाताने दोन पात्यांमध्ये धरायची, पायाने खालचा पेडल दाबला की पाती टरफलात रुततात, आणि उजव्या हाताने दांडा ओढला की टरफल उघडतं आणि गर सुटतो. हे दिवसभर. गेल्या पावसाळ्यापासून सुजाताचा उजवा अंगठा मुळाशी सुजायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, हे काम सोडा. युनिटच्या बायकांनी शलाकाला गाठलं आणि दांड्याची मूठ बदलून बघू असं ठरलं. शिमग्यानंतर नवीन बियांचा हंगाम जोरात सुरू होतो. तोवर अंगठा ठीक झाला नाही तर सुजाताने मशीन सोडायचं, असं युनिटच्या बैठकीत ठरलं होतं, आणि ते तिने स्वतः कबूल केलं होतं.

चिपळूणला एक साचेवाले आहेत. मूठ कशी हवी ते त्यांना शुक्रवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं. त्यानंतर ते शिमग्याला गावी जाणार आणि परतल्यावर दुसऱ्याच कामात अडकणार. मी सोमवारी पोचले होते.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं. "अकरावी सगळ्यांना पसंत आहे ना?"

"सगळ्यांना पसंत आहे," शलाका म्हणाली. "सुजातालापण. टेबलावर बघा तुम्हीच."

मी बघितलं. प्रत्येक मुठीची एक जोड सुजाताच्या मशीनवर बसवली होती. दर भेटीत शलाकाने टेबल युनिटमध्ये नेलं होतं आणि सुजाताचा हात मुठीवर टिपला होता. अकराव्या मुठीवर तिची चारही बोटं छान वळली होती, अंगठा खाली टेकला होता. पुण्याहून आमच्या देवदत्तने, तो आमच्या स्टुडिओचा प्रमुख, त्या अंगठ्यावर ठिपका ठेवून म्हटलं होतं, 'परफेक्ट'. सुजाताचा आवाजही होता: "बरी आहे." आणि तरी गेल्या महिन्याभरात सूज वाढली होती.

"बरी आहे म्हणते, मग दुखतं कसं?"

"ते मला कळलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

बाबूकाका कोपऱ्यात कानस चालवत होते. त्यांना विचारलं तर मान वर न करता म्हणाले, "मी काय सांगू ओ? माझ्या हातात बरी लागते. पण माझा हात काय काजू फोडायला जाणार हाय?"

दुपारी शलाकाच्या आईने बांगड्याचं तिखलं आणि भात पाठवला. मी साताऱ्याकडची, आमच्याकडे मासे म्हणजे वर्षातून दोनदा आणि तेही घाबरत. मी काटे काढायला बसले तेव्हा बाबूकाकांचं ताट रिकामं झालं होतं. माझ्या ताटात काट्यांपेक्षा माशाचाच ढीग बाजूला पडलेला पाहून ते म्हणाले, "मॅडम, बांगड्याची पण फाईल बनवताय काय?" शलाकाला ठसका लागला. मला राग आला नाही असं म्हणणार नाही, पण बांगडा फार चांगला होता.

सड्यावरून

युनिटला गुरुवारी जायचं ठरलं होतं. शलाकाने फोन करून तसं कळवलंही होतं. पण मंगळवारभर ती रेकॉर्डिंगं पुन्हापुन्हा बघून माझं डोकं भणाणलं. बुधवारी शलाका साचेवाल्यांशी बोलायला चिपळूणला गेली आणि मी, घडीचं टेबल पिशवीत घालून, एकटीच राजापूरची एसटी पकडली. मला एका जागी बसवत नाही, हा माझा जुना दोष आहे.

कंडक्टरने कुठल्या फाट्यावर उतरायचं ते दोनदा सांगितलं होतं. पण त्याच्या आधीच एका वळणावर 'काजू' अशी मोठी पाटी दिसली आणि मी ओरडून गाडी थांबवली. ती पाटी काजू विकणाऱ्या दुकानाची होती, आणि दुकान बंद होतं. शेजारी पंक्चर काढणाऱ्या माणसाने माझ्याकडे आणि पिशवीकडे बघितलं आणि सड्यावरची वाट दाखवली. "सरळ जावा. वाटेत काय नाय, त्यामुळे चुकणार नाय," तो म्हणाला.

त्याचं खरं होतं. सडा म्हणजे काळ्या-तांबड्या जांभ्याचं उघडं पठार, मैलभर पसरलेलं. पावसाळ्यात म्हणे इथे फुलांचा गालिचा असतो. आता वाळलेलं पिवळं गवत, मधूनच चप्पल कापेल असा धारदार कातळ आणि डोक्यावर ऊन. आमच्याकडे मैलभर मोकळी जमीन दिसली की ती कुणाची तरी शेती असते. इथे जमीन आहे आणि तिच्यात माती नाही, याची सवय व्हायला मला तो सगळा रस्ता लागला. सड्याच्या कडेला उतार लागला आणि एकदम आंब्याच्या बागा सुरू झाल्या. दगडावर दगड रचून केलेल्या गडग्याच्या आतून मोहोराचा गोडसर उग्र वास येत होता. पिशवीच्या पट्ट्याने खांदा काचला होता. तीन वर्षांत हे टेबल मी कधी स्वतः उचलून चालले नव्हते, ते किती जड आहे हे त्या दिवशी कळलं.

युनिट म्हणजे पत्र्याची लांब शेड. बाहेर बी वाळत घातलेली, आत आठ मशीनं. खटाक्-कर्र, खटाक्-कर्र असा आवाज दुरून येत होता. मी दारात उभी राहिले आणि आवाज तुटला. आत गडबड उडाली. आठही जणी उठल्या. काहीतरी सोडणं, गुंडाळणं, टेबलाखाली सारणं अशी लगबग झाली. एकीने पदराने मूठ पुसली.

"ओ मॅडम, तुमी उद्या येणार होतात ना?"

मला वाटलं, पसारा आवरताहेत. माझ्या घरी कोणी अवचित आलं की मीही सोफ्यावरचे कपडे उचलून आतल्या खोलीत फेकते. मनातल्या मनात हसले आणि पाय धुवायला नळावर गेले. सहा महिने आम्ही जे शोधत होतो ते त्या मिनिटाला माझ्या डोळ्यांदेखत टेबलाखाली चाललं होतं.

सुजाता तिसऱ्या मशीनवर. चाळिशीच्या आतली, बारीक, डोळे हसरे. डाव्या हाताची बोटं टरफलाच्या तेलाने कायमची काळी झालेली. मी टेबल उघडलं. तिने दांड्यावरची अकरावी मूठ काढून टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला. कॅमेऱ्यात तेच दिसलं, चार बोटं वळलेली, अंगठा खाली.

"कशी आहे?"

"बरी आहे."

मी दोन-तीन प्रकारे विचारलं. उत्तर बदललं नाही. माझा तोल जायला लागला होता. एवढं चालून आले ते पुन्हा हेच ऐकायला?

सुजाताच्या घरी

शेवटची एसटी गेली होती. सुजाता म्हणाली, "आमच्याकडे चला," आणि माझ्या हो-नाहीची वाट न बघता पिशवी डाव्या हाताने उचलून चालू लागली. घरी सासू आणि दहावीतली मुलगी. नवरा मुंबईला, शिमग्याला येणार. सासू चुलीपुढे तांदळाची भाकरी थापत होती. आमच्याकडे पाहुण्याला आधी खुर्चीत बसवून पाण्याचा तांब्या देतात आणि मग सगळे त्याच्याकडे बघत बसतात. इथे मला ओल्या काजूगरांची टोपली आणि एक वाटी देऊन सालं काढायला बसवलं. पाचव्या मिनिटाला मी घरातली होते.

"हिला आता भाकरी थापता येत नाय," सासू म्हणाली. "अंगठा टेकत नाय ना. मी हाय तोवर ठीक हाय."

"डॉक्टर म्हणतात तसं काम सोडलं तर?" मी जरा चाचरत विचारलं.

सुजाता हसली नाही. "सोडून करू काय? साल काढायला बसू? तिथे म्हाताऱ्या बसतात, ज्यांना दिसत नाय, ऐकू येत नाय. मी त्या मशीनवर बसले तेव्हा मला बी धरता येत नव्हती ओ. आता आठजणींत अख्खा गर सगळ्यात जास्त माझा निघतो. फुटका नाय, अख्खा. दुसरं मला काय येतं एवढं चांगलं?" मग म्हणाली, "मला ते मशीन सोडायचं नाय."

मी काजूगरांची वाटी खाली ठेवली. हात धुवायला मागच्या दारी गेले. ऊन उतरलं होतं. गडग्यावर कापडाच्या तीन-चार लांब पट्ट्या पसरल्या होत्या, काळपट, राख चोळलेल्या. त्यातल्या एकीवर तेलाचे डाग असे पडले होते की चार बोटांच्या जागा वेगवेगळ्या ओळखू याव्यात. मी हात पुढे केला.

"हात नका लावू! चटका बसेल त्या तेलाचा," सुजाता मागून म्हणाली.

"आहे काय हे?"

"मुठीची चिंधी."

"मुठीला चिंधी बांधता?"

"मग? नुसतं लाकूड दुपारपर्यंत हातातनं निसटायला लागतं. जिची तिची चिंधी. सकाळी बांधायची, संध्याकाळी सोडून घरी आणायची."

"मी दारात आले तेव्हा..."

"तेव्हा सोडल्या की! पाहुणे आल्यावर असली कळकट फडकी समोर ठेवायची काय?"

मी पायरीवर बसले. शलाका दर भेटीआधी फोन करायची. शलाका रत्नागिरीची, म्हणजे पाहुणीच. दर वेळी आठजणी चिंध्या सोडून, मुठी घासूनपुसून लख्ख करून ठेवत होत्या. आमच्या टेबलाने अकरा मुठी पाहिल्या, सगळ्या बाजूंनी पाहिल्या, आणि एकही मूठ सुजाता धरते तशी पाहिली नाही.

"किती वेढे असतात?"

"चार. दुपदरी." तिने पट्टी काठीभोवती गुंडाळून दाखवली. करंगळीइतकी जाडी सहज वाढत होती. आम्ही अंगठ्याला आधार म्हणून मूठ जाड करत गेलो, तिने तिच्यावर चार वेढे दिले, आणि अंगठा खाली टेकेचना. तो बाहेर ताणून ती दिवसभर दांडा ओढत होती. आमच्या प्रत्येक सुधारणेने सूज वाढली होती.

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं? तुमी विचारलंत मूठ कशी हाय. मूठ बरी हाय. चिंधीचं कोणी विचारलं?"

मला लाज वाटली. थोडा रागही आला, तिचा नाही, माझा. मी म्हटलं, उद्या ही चिंधी मुठीला बांधून टेबलावर ठेवू. तिचा चेहरा एकदम बंद झाला.

"नाय. ती नाय ठेवायची टेबलावर."

"का गं?"

"पुण्याची माणसं बघणार. माझं फाटकं पातळ ते. धुतलं तरी वास जात नाय."

आत सासूचा भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मी समजावू लागले असते तर ती हो म्हणाली असती, मॅडम म्हणतात म्हणून, आणि उद्या दुसरीच धुतलेली पट्टी बांधून आली असती. म्हणून मी माझं सांगितलं. माझ्या घरच्या टेबलावरही असाच कॅमेरा आहे. घरून स्टुडिओतल्या लोकांशी बोलायच्या आधी मी तो कॅमेरा जरा वळवते, कारण मागच्या खुर्चीवर न घडी केलेल्या कपड्यांचा ढीग असतो. तीन वर्षं वळवते आहे. माझ्या स्टुडिओतल्या कोणालाही माझी ती खुर्ची ठाऊक नाही.

सुजाता हसली. "तुमच्याकडे पण असतंय होय?"

"ढीगभर."

"बरं," ती म्हणाली. "पण बांधताना ते देवदत्त सर नकोत. त्यांचा चेहरा बंद करा. आणि मी आज ती साबणाने धुते."

"धुवायची नाही."

यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी कॅमेरा तिच्या बाजूने ठरला आणि साबण माझ्या बाजूने. जेवायला ओल्या काजूगरांची उसळ होती. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि सासूबाईंनी माझं वजन न विचारता चौथी वाढली.

चिंधी टेबलावर

सकाळी शलाकाला फोन केला. ती चिपळूणहून परतली होती. सगळं ऐकून म्हणाली, "मी इथली आहे हो. मला कळायला हवं होतं." तिचा आवाज रडवेला झाला होता. दुपारच्या आत ती बाबूकाकांना घेऊन हजर झाली.

टेबलाच्या कडेला पुण्याची माणसं दिसतात तो पडदा काळा ठेवला. सुजाताने अकरावी मूठ टेबलावर धरली आणि चिंधी बांधली. मूठ आता नारळाच्या करवंटीएवढी दिसत होती. आणि मग एक गंमत झाली. सहा महिने 'बरी आहे' म्हणणाऱ्या आठही जणी टेबलाभोवती जमून एकदम बोलायला लागल्या. एक म्हणाली, मी करंगळीकडे एक वेढा जास्त देते. दुसरी म्हणाली, माझी गाठ तळहाताला टोचते म्हणून मी ती बाहेर काढते. तिसरीने स्वतःची चिंधी आणून सुजाताच्या शेजारी ठेवली. टेबलावर ठिपकेच ठिपके उमटले. मी माझं टेबल एवढं गजबजलेलं कधी पाहिलं नव्हतं.

देवदत्तला मग आत घेतलं. "हे कापड बाजूला करून मुठीवरच रबराचं आवरण दिलं तर?" त्याने विचारलं.

"रबर घरी नेऊन धुवायचं कसं?" सुजाता म्हणाली. "आणि मी नसले की दुसरी बसते या मशीनवर. तिने माझ्या हाताचं तेल का धरायचं?"

तेवढ्यात बाबूकाकांनी अकरावी मूठ टेबलावरून उचलली. चिंधी सोडून सुजाताच्या हातात दिली, मूठ मांडीत धरली आणि पटाशीने सरळ तासायला लागले.

"अहो काका, ती अकरावी आहे!" देवदत्त पडद्यावरून ओरडला. "नोंद आहे तिची! नवी घ्या ना, बारावी!"

"नवीला सुकलेलं लाकूड रत्नागिरीत हाय," बाबूकाका म्हणाले. "तुमची नोंद तुमच्याकडे राहू दे की. मला लाकूड पाहिजे."

तासायचं थोडं, सुजाताने चिंधी बांधून हातात धरायची, सोडायची, पुन्हा तासायचं. असं सात-आठ वेळा झालं. आमच्या टेबलाला दर वेळी वेगळी मूठ हवी असते. इथे एकच मूठ बारीक होत होती आणि टेबल बिचारं तिला ओळखू की नको या विचारात लुकलुकत होतं. अंगठ्याखाली बाबूकाकांनी जास्त उतरवलं, करंगळीकडे तसंच ठेवलं. शेवटी मूठ पहिलीपेक्षाही बारीक झाली. मग सुजाताने चार वेढे दिले आणि अंगठा खाली टेकला.

ती मशीनवर बसली. खटाक्-कर्र. आम्ही तिघे आणि पुण्याचा एक बघत होतो. पहिली टोपली संपली, दुसरी घेतली. तिने आमच्याकडे पाहिलंही नाही. संध्याकाळी मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"आज काय सांगू? हात चालतो तेव्हा काय दुखत नाय. खरं काय ते सकाळी उठल्यावर कळतं. सकाळी सांगते."

साचेवाले शुक्रवारी दुपारी निघणार होते. शलाकाने त्यांना फोन करून सांगितलं, सकाळी कळवतो, थांबा. ती आणि बाबूकाका मुक्कामाला राजापूरला गेले. मी सुजाताकडेच राहिले आणि खोटं कशाला बोलू, देवासमोर बसले नाही एवढंच. तीन वर्षांचं माझं काम एका अंगठ्यावर ठरणार होतं. पण उशीवर डोकं टेकल्यावर मला माझ्या टेबलाची नाही, तिच्या 'दुसरं मला काय येतं एवढं चांगलं' याचीच आठवण येत राहिली.

शुक्रवार सकाळ

उठले तेव्हा सुजाता अंगणात होती. पाण्याची कळशी खाली ठेवून हात झटकत होती, उजवा.

"दुखतंय का?"

"दुखतंय ओ."

खिशात फोन वाजला. देवदत्तने सवयीप्रमाणे एक प्रश्न पाठवला होता, खाली दोन चौकोन: दुखतं, दुखत नाही. त्यातला एक दाबायचा. साचेवाले वाट बघत होते.

"कुठे दुखतंय?" मी कसंबसं विचारलं.

तिने माझाच हात ओढून घेतला आणि तळहाताच्या कडेला, करंगळीच्या खाली, जोरात दाबलं. "हितं. आणि मनगटाच्या वर, हितं. अंगठा गप हाय." तिने अंगठा माझ्यासमोर दोनदा वळवून दाखवला, सावकाश. "पहिल्यांदा मशीनवर बसले तेव्हा असंच दुखायचं. नवीन हात होता ना. आठ दिवसांत गेलं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? हे कामाचं दुखणं, ताई. ते दुसरं आजाराचं होतं."

मी फोनकडे बघत उभी. दोनच चौकोन होते. "मग पुण्याला काय कळवू? दुखतं म्हणून की नाही म्हणून?"

सुजाताने कळशी उजव्या हाताने उचलली.

"दुखतंय म्हणून कळवा," ती म्हणाली, "आणि साचा करा म्हणून सांगा."